रीपरला ‘फेडर कुठंय’ असं विचारता येत नाही, मग बॉक्सला कळणार कसं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मधेच वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. जुळे सोलापुरात घरातच स्टुडिओ, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, आणि ईएसपी ३२ या छोट्या वायफायवाल्या बोर्डाला आठ स्लाइड पॉट (म्हणजे स्लायडर), आठ बटणं आणि एक छोटा ओएलईडी डिस्प्ले लावून तू स्वतःचा कंट्रोल बॉक्स केलायस, वायफायवरून ओएससी, म्हणजे ओपन साउंड कंट्रोल ही मेसेज पाठवायची पद्धत. स्लायडर सरकवला की रीपरमधला फेडर (ट्रॅकच्या आवाजाची पट्टी) हलतो, इथपर्यंत झकास. पण उलट्या बाजूनं गडबड आहे. माउसनं फेडर हलवला तर बॉक्सला कधी कळतं कधी नाही, बॉक्स चालू केल्या केल्या कुठला ट्रॅक किती डीबीवर आहे ते कळतच नाही, ‘/ट्रॅक/१/व्हॉल्यूम’ असा रिकामा मेसेज पाठवून विचारलं तर रीपर ढिम्म, आणि ट्रॅकची नावं मराठीत असली की डिस्प्लेवर कचरा येतो. शेवटी विचारलंयस की हे सगळं सोडून मॅकीवर, म्हणजे मिडीवर चालणाऱ्या दुसऱ्या कंट्रोल पद्धतीवर, जाऊ का. पत्ते मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ते इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि आकडेही इंग्रजीच टाकायचे एवढं ध्यानात ठेव.

तर पहिलं, रीपर ढिम्म का. ओएससीमध्ये ‘प्रश्न’ असा प्रकारच नाहीये. २००२ साली बर्कलीच्या सीएनमॅट या संगीत संशोधन केंद्रानं त्याचं १.० स्पेसिफिकेशन काढलं त्यात ठरलंय ते एवढंच की पत्ता कसा लिहायचा, त्यापुढं टाइप कसा सांगायचा आणि किंमत कशी भरायची. कोण कुणाला काय उत्तर देणार हे त्यात नाही, ते ज्या त्या सॉफ्टवेअरवर सोडलंय. रीपरवाल्यांनी ठरवलं की बदल झाला की आम्ही कळवू. म्हणजे दवंडीवाल्यासारखं आहे बघ, गल्लीतून जाताना एकदा ओरडून गेला, तू तेव्हा घरी नव्हतास तर परत तुझ्या दारात येऊन सांगत बसणार नाही. तुझा बॉक्स नंतर चालू झाला, दवंडी आधीच पिटून झाली होती.

म्हणून डोक्यातला आराखडाच बदलायला लागतो. बॉक्सनं दर वेळी विचारायचं हा विचार सोड. बॉक्सच्या मेमरीत आठ ट्रॅकचा एक तक्ता ठेव: नाव, व्हॉल्यूम, म्यूट, सोलो, रेकॉर्ड आर्म (ट्रॅक रेकॉर्डिंगला तयार आहे का). रीपरकडून जे येईल ते त्या तक्त्यात लिहायचं, डिस्प्ले आणि एलईडी यांनी फक्त तक्ता वाचायचा. तुझं बटण दाबलं की एलईडी लगेच पेटवायचा नाही हां, म्यूटचा मेसेज पाठवायचा आणि रीपरकडून ‘म्यूट झालं’ असं परत आल्यावरच पेटवायचा. सुरुवातीला वाटतं उशीर होईल, होत नाही, डोळ्याला कळतही नाही. फायदा असा की एलईडी पेटला म्हणजे रीपरमध्ये खरंच म्यूट आहे, पॅकेट वाटेत हरवलं असेल तर एलईडी पेटणारच नाही आणि तू परत दाबशील. बॉक्स स्वतःचं मत ठेवायला लागला की संपलं, दोन ठिकाणी दोन खरं होतं.

आता सुरुवातीला तक्ता भरायचा कसा. रीपरमध्ये एक ॲक्शन आहे, सगळ्या कंट्रोल सरफेसना (म्हणजे तुझ्यासारख्या बॉक्सना) रिफ्रेश करणारी, तिचा नंबर ४१७४३. बॉक्सकडून ‘/ॲक्शन/४१७४३’ एवढा मेसेज पाठव, रीपर चालू बँकेतल्या (म्हणजे बॉक्सवर आत्ता असलेल्या आठांच्या गटातल्या) सगळ्या ट्रॅकची नावं, व्हॉल्यूम, पॅन, म्यूट, सोलो असं सगळं पुन्हा ओकतं. हीच तुझी क्वेरी. एका ट्रॅकचं एक उत्तर मिळणार नाही, सगळं ताट वाढून येईल, पण तुला तेच हवंय. वायफाय जोडलं गेल्यावर एकदा, बँक बदलल्यावर वाटलं तर एकदा, आणि एक बटण दोन सेकंद दाबून धरलं की एकदा, एवढ्याच ठिकाणी हे पाठव. दर सेकंदाला पाठवू नको, रीपर बिचारं प्रत्येक वेळी सगळ्याच सरफेसना सगळं पाठवत बसेल.

हे ताट एका पॅकेटात मावत नाही. प्रेफरन्सेसमध्ये कंट्रोल, ओएससी, वेब असं पान आहे, तिथं तुझ्या डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये पॅकेटची कमाल साइज १०२४ बाइट आणि दोन पॅकेटमध्ये १० मिलिसेकंद थांबा असं मूळचं असतं, ते तसंच राहू दे. हे ताट येत असताना बॉक्सनं स्वतःहून काही पाठवायचं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय कारण घरी केलेल्या बॉक्समध्ये सगळ्यात महाग पडणारी गोष्ट हीच: चालू झाल्या झाल्या बॉक्स आठही पॉट वाचतो, ‘आधीची किंमत’ शून्य धरलेली असते, मग आठही बदललेत असं त्याला वाटतं आणि आठही पाठवून मोकळा. ओळखीच्या एका स्टुडिओत भजनाच्या मिक्सच्या मधोमध लाईट लुकलुकली, बॉक्स रिस्टार्ट झाला आणि आठ ट्रॅक पॉट जिथं पडले होते तिथं जाऊन बसले. अन्डू होतं म्हणून वाचलं, पण गाणारी मंडळी समोर बसलेली होती आणि तबलजी विचारतोय आवाज का गेला. तर चालू झाल्यावर पॉट वाच, साठव, पण पाठवू नको. माणसानं हात लावून हलवल्याशिवाय काहीच जायला नको.

दुसरी गोष्ट, ‘कधी कळतं कधी नाही’ याचं कारण तुझ्या कोडमधल्या वाचणाऱ्या भागात असण्याची शक्यता जास्त. एकाच वेळी दोनचार मेसेज द्यायचे असले की रीपर ते एका बंडलमध्ये बांधून पाठवतं. आणि माउसनं एक फेडर हलवला तरी मेसेज एकच नसतो, नॉर्मलाइज्ड (शून्य ते एकमधली) किंमत वेगळी, डीबी वेगळं, अक्षरांत लिहिलेलं वेगळं, शिवाय तो ट्रॅक सिलेक्ट असेल तर नंबर नसलेल्या ‘/ट्रॅक/व्हॉल्यूम’ या पत्त्यावर परत तेच. तुझा कोड सुटा मेसेज आला की वाचतो आणि बंडल आलं की पत्ता जुळत नाही म्हणून टाकून देतो, असं असणार. आर्डुइनोच्या ओएससी लायब्ररीत सुटा मेसेज आणि बंडल यांचे दोन वेगळे क्लास आहेत, आलेल्या पॅकेटचा पहिला बाइट बघायचा, स्लॅश असेल तर सुटा मेसेज, हॅश असेल तर बंडल, आणि त्याप्रमाणे पुढं जायचं.

आणि तू लायब्ररी न वापरता हातानं बाइट मोजून वाचत असशील तर हे एकदा कागदावर मांडून बघ. ‘/ट्रॅक/१/व्हॉल्यूम’ हे इंग्रजीत पंधरा अक्षरं होतात, शेवटी एक शून्य बाइट, झाले १६. मग टाइपची खूण म्हणून स्वल्पविराम आणि एफ, त्यापुढं दोन शून्यं, झाले ४. मग फ्लोटचे (अपूर्णांकी किमतीचे) ४, मोठा बाइट आधी. एकूण २४. आता हेच दहाव्या ट्रॅकचं घे, अक्षरं १६ झाली, शेवटचं शून्य तरी लागतंच, आणि सगळं चारच्या पटीत हवं म्हणून पत्ताच २० बाइटचा होतो, एकूण २८. म्हणजे ‘किंमत विसाव्या बाइटपासून’ असं पक्कं लिहून ठेवलेला कोड नऊ ट्रॅकपर्यंत मस्त चालतो आणि दहाव्याला भलताच आकडा दाखवतो, माणूस तिकडं वायरिंग तपासत बसतो. बंडलमध्ये तर आधी ८ बाइट नावाचे, ८ बाइट वेळेचे, मग प्रत्येक मेसेजच्या आधी त्याची लांबी ४ बाइटमध्ये. लायब्ररी वापर बे, उगाच कशाला.

रीपरच्या बाजूनं गर्दी कमी करणंही तितकंच महत्त्वाचं. रीपरच्या रिसोर्स फोल्डरमध्ये ओएससी नावाचं फोल्डर आहे, त्यात डिफॉल्ट नावाची पॅटर्न फाइल आहे, साधी टेक्स्ट, कुठली गोष्ट कुठल्या पत्त्यावर जाणार ते तीत लिहिलेलं असतं. तिची कॉपी काढून तुझ्या बॉक्सच्या नावानं सेव्ह कर आणि तुला नको त्या ओळी उडव. एफएक्स पॅरामीटर, सेंड, रिसीव्ह, व्हीयू मीटर, सगळं काढ. पत्त्याच्या आधी जे अक्षर असतं त्याचा अर्थ असा: एन म्हणजे शून्य ते एकमध्ये बसवलेली किंमत, एफ म्हणजे कच्चा आकडा, बी म्हणजे चालू-बंद, टी म्हणजे ट्रिगर, एस म्हणजे अक्षरं. तुला एन व्हॉल्यूमसाठी, एस नावासाठी, बी म्यूट-सोलोसाठी, बास. डिस्प्लेवर डीबी दाखवायचं असेल तर ते गणित बॉक्सवर करत बसू नको, एफवाली डीबीची ओळ ठेव, रीपर स्वतः डीबी पाठवतं. कारण एन मधला १ म्हणजे शून्य डीबी नव्हे, रीपरच्या मूळ फेडर सेटिंगला शून्य डीबी साधारण ०.७१६ ला येतो, तो वक्र तुझ्या कोडमध्ये उतरवायचा आणि उद्या कुणी प्रेफरन्समध्ये फेडरची रेंज बदलली की सगळं चुकायचं.

त्याच फाइलमध्ये वरती ट्रॅक काउंट असतो, मूळचा ८. तुझे आठच आहेत म्हणून बरोबर बसतं. लग्नाच्या बँडचं रेकॉर्डिंग चोवीस ट्रॅकचं असेल तरी पत्ते १ ते ८ च राहतात, बँक बदलली की तोच ‘१’ नववा ट्रॅक होतो आणि नव्या आठांची स्थिती रीपर आपणहून पाठवतं. म्हणजे बँक बटण दाबणं ही पण एक प्रकारे क्वेरीच झाली.

आता असं समज की तुला खरोखरच प्रश्न-उत्तर हवंय, म्हणजे ‘तिसऱ्या ट्रॅकचं आत्ता काय’ आणि त्याचं तेवढंच उत्तर. रीपरमध्ये तोही रस्ता आहे आणि फार कमी लोक वापरतात. त्याच प्रेफरन्सेसच्या पानावर ओएससीच्या जोडीला वेब ब्राउझर इंटरफेस ॲड कर, पोर्ट मूळचा ८०८०. मग लॅपटॉपच्या आयपीवर स्लॅश, अंडरस्कोर, स्लॅश आणि पुढं मोठ्या अक्षरांत ट्रॅक/३ असं मागितलं की एका ओळीत उत्तर येतं, मधे टॅब: ट्रॅक नंबर, नाव, फ्लॅग, व्हॉल्यूम, पॅन, मीटर वगैरे. १-८ असं लिहिलंस तर आठही येतात. एनट्रॅक मागितलं तर एकूण ट्रॅक किती ते, ट्रान्सपोर्ट मागितलं तर प्ले चालूय का रेकॉर्ड, कितव्या सेकंदावर. प्ले स्थितीचे आकडे ० थांबलंय, १ वाजतंय, २ पॉज, ५ रेकॉर्ड, ६ रेकॉर्ड पॉज. फ्लॅगमध्ये बेरीज असते, ८ म्यूट, १६ सोलो, ६४ आर्म, तर ७२ आलं म्हणजे म्यूट आणि आर्म दोन्ही.

इथं एक फरक लक्षात ठेव. वेबवाल्या उत्तरात व्हॉल्यूम हा सरळ गुणक असतो, १ म्हणजे शून्य डीबी, आणि ओएससीच्या एन मध्ये तोच ०.७१६ च्या आसपास असतो. दोन्ही रस्ते एकाच तक्त्यात ओतलेस तर डिस्प्ले वेड्यासारखा उड्या मारेल. मी असं करतो की चालू हालचाल ओएससीवरून, आणि नावं, ट्रॅकची संख्या, मेट्रोनोम चालूय का असल्या सावकाश गोष्टी वेबवरून, सेकंदाला एकदोनदा मागितल्या तरी पुरतं. मेट्रोनोमसारख्या चालू-बंद ॲक्शनची स्थिती पण विचारता येते, गेट/४०३६४ मागितलं की चालू का बंद ते येतं.

याच्याही पुढं जायचं असेल तर लुआ भाषेत छोटी रीस्क्रिप्ट, म्हणजे रीपरच्या आत चालणारी स्क्रिप्ट, लिही. स्क्रिप्टला रीपरमधलं जवळजवळ सगळं दिसतं, डिफर हे फंक्शन वापरून ती सेकंदाला साधारण तीस वेळा फिरते, आणि हवी ती माहिती एक्स्ट स्टेटमध्ये, म्हणजे रीपरच्या नोंदवहीत, लिहून ठेवते. तीच एक्स्ट स्टेट वेबवरून गेट करून बॉक्सला वाचता येते. उदाहरणार्थ सिलेक्ट केलेल्या आयटमचं नाव, पुढचा मार्कर किती सेकंदांवर आहे, रेकॉर्डिंगच्या डिस्कवर किती जागा उरली, असलं काही ओएससीच्या तयार ओळींत सापडत नाही तेव्हा हा रस्ता. गड्ड्याच्या यात्रेआधी सिद्धेश्वर महाराजांच्या गाण्यांची गर्दी असते तेव्हा दिवसाला चारपाच पार्ट्या येऊन जातात, तेव्हा पुढच्या मार्करचं काउंटडाउन गायकासमोर दिसणं लय कामाचं आहे, हातवारे करत बसायला लागत नाही.

मराठी नावांचं सांगतो आता, कारण हा प्रश्न बाहेरच्या कुठल्याच मार्गदर्शकात नसतो. रीपर नाव यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत पाठवतं, त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट. ‘हलगी’ म्हणजे ह, ल, ग आणि वेलांटी, चार चिन्हं, १२ बाइट. तू नाव आठ बाइटवर कापत असशील तर तिसऱ्या अक्षराच्या मधोमध सुरी चालते आणि कचरा दिसतो. कापायचंच तर चिन्हाच्या हद्दीवर काप. पण एवढ्यानं भागत नाही. डिस्प्ले चालवणाऱ्या यू-एट-जी-टू लायब्ररीत देवनागरीचा फॉन्ट आहे, ‘हलगी’ आणि ‘पखवाज’ त्यात बरे दिसतात, पण ‘चिपळ्या’ लिहून बघ. पहिली वेलांटी मेमरीत च च्या नंतर असते आणि दिसायला च च्या आधी हवी, ती अदलाबदल ती लायब्ररी करत नाही, ळ्या चं जोडाक्षर पण फुटतं. अक्षरं जुळवायचं ते काम ब्राउझर करतो, छोटा कंट्रोलर करत नाही. म्हणून दोन उपाय. एक तर ट्रॅकच्या नावाच्या सुरुवातीला रोमन चार अक्षरं घाल आणि पुढं मराठी, बॉक्सवर फक्त पहिली चार दाखव. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, घरातला जुना मोबाइल बॉक्सच्या वर चिकटव आणि त्यात रीपरचं वेब पान उघड, नावं मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत जशी असतील तशी नीट दिसतात. आपल्याकडं एकाच दिवशी मराठी भजन आणि तेलुगू लग्नगीत रेकॉर्ड होतं तेव्हा याचा उपयोग कळतो.

मग मॅकीवर जावं का. मॅकी कंट्रोलचा प्रोटोकॉल मिडीवर (वाद्यं आणि सॉफ्टवेअर यांच्यातल्या डिजिटल मेसेजांवर) चालतो, मोठा फायदा हा की क्यूबेस, लॉजिक, रीपर, स्टुडिओ वन, सगळ्यांना तो कळतो, बॉक्स दुसऱ्याच्या स्टुडिओत नेला तरी चालेल. फेडरला पिच बेंड वापरलंय, चॅनल १ ते ८ आणि मास्टर नववा, त्यामुळं ० ते १६३८३ एवढं बारीक मोजमाप मिळतं, साध्या सीसीचं (मिडीच्या नेहमीच्या कंट्रोल मेसेजचं) ० ते १२७ नाही. म्यूट नोट १६ ते २३, सोलो ८ ते १५, आर्म ० ते ७, प्ले ९४, स्टॉप ९३, रेकॉर्ड ९५. तीच नोट सॉफ्टवेअरनं परत पाठवली की एलईडी पेटवायचा, म्हणजे मी वर म्हणलं तोच नियम, तो मॅकीनं आधीच घालून दिलाय. पण विचारण्याच्या बाबतीत मॅकी ओएससीपेक्षाही मुका आहे. सुरुवातीला ‘तू कोण’ अशी ओळखपरेड सिस्एक्सनं (मिडीतल्या खास लांब मेसेजनं) होते तेवढीच, ‘तिसरा फेडर किती’ असं विचारायला जागाच नाही. आणि नावाला प्रत्येक ट्रॅकमागं सात अक्षरं, तीही सिस्एक्समधून, जिथं बाइट १२८ च्या खालीच असावा लागतो. देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वर. म्हणजे मराठी नाव मॅकीतून जाणं शक्यच नाही, कितीही चांगला डिस्प्ले लाव. शिवाय तुझ्या साध्या ईएसपी ३२ ला यूएसबी मिडी करता येत नाही, त्याला एस२, एस३, टीन्सी किंवा लिओनार्डो जातीचा बोर्ड लागतो. माझं मत, रीपरपुरतं काम असेल तर ओएससीवरच राहा.

बाकी सॉफ्टवेअरचं पटकन सांगतो कारण तुझा मित्र एफएल वापरतो म्हणालास. एफएल स्टुडिओत पायथनमध्ये मिडी स्क्रिप्ट लिहिता येते, ती स्क्रिप्ट एफएलच्या आतच पळते त्यामुळं मिक्सर ट्रॅकचं नाव, व्हॉल्यूम थेट विचारता येतं आणि काही बदललं की ऑन रिफ्रेश फंक्शन बोलावलं जातं. एबलटन लाइव्हमध्ये ओएससी जन्मजात नाही, पण एबलटन ओएससी नावाची रिमोट स्क्रिप्ट टाकली की ११००० वर विचार, ११००१ वर उत्तर, आणि तिथं खरंच गेट आहे आणि ‘बदललं की कळव’ पण आहे. आर्डर हा यात सगळ्यात सभ्य. पोर्ट ३८१९, सेट सरफेस नावाच्या एका मेसेजमध्ये बॉक्सच सांगतो की माझी बँक आठची आणि मला हे हे फीडबॅक हवं, आकड्यांची बेरीज करून: बटणं १, किमती २, हार्टबीट ८, मास्टर १६, म्हणून २७. स्ट्रिप लिस्ट मागितली की सगळी यादी एकेक करून येते आणि शेवटी ‘संपली’ असंही सांगतो. बिटविगमध्ये मजा आहे, तिथं एखादी किंमत विचारायच्या आधी, सुरुवातीच्या इनिटमध्येच ‘मला हिच्यात रस आहे’ असं मार्क इंटरेस्टेड म्हणून नोंदवावं लागतं, नाहीतर गेट केलं की एरर. पहिल्यांदा कटकट वाटते, पण विचार केला तर बरोबर आहे त्यांचं, तुला जे लागणार तेवढंच ते सांभाळतात.

परत तुझ्या बॉक्सकडं. तुझे पॉट मोटरवाले नाहीत, म्हणजे रीपरकडून किंमत आली तरी पॉट स्वतः सरकणार नाही. तक्त्यात –१२ डीबी आणि पॉट वर शून्याला, अशा वेळी पॉटला हात लागला तर उडी बसते. उपाय म्हणजे पिकअप: पॉट सरकत सरकत तक्त्यातली किंमत ओलांडेपर्यंत काहीच पाठवायचं नाही, ओलांडली की पकडलं, मग पुढं नेहमीसारखं. डिस्प्लेवर तोवर एक छोटा बाण दाखव, वर ने का खाली ने. ‘पकडलंय’ हा झेंडा प्रत्येक पॉटचा वेगळा ठेव, आणि बँक बदलली किंवा रीपरमधून त्या ट्रॅकची वेगळीच किंमत आली की तो झेंडा पाड. पण इथं गोम आहे. तू स्वतः पॉट सरकवत असताना तुझ्याच हालचालीचा पडसाद थोडा उशिरा परत येऊ शकतो, त्याला ‘वेगळी किंमत’ समजून झेंडा पाडलास तर पॉट हातातच मरतो. म्हणून शेवटची हालचाल झाल्यापासून पाव-अर्धा सेकंद त्या पॉटपुरतं आलेलं ऐक, तक्त्यात लिही, पण झेंड्याला हात लावू नको. उद्या मोटरवाले फेडर घेतलेस तर हेच टच सेन्सरनं करायचं, बोट आहे तोवर मोटर बंद. त्यांना मोटरसाठी वेगळा सप्लाय आणि ड्रायव्हर लागतो, यूएसबीवर आठ मोटर ओढायच्या नादाला लागू नको.

आठ पॉट थेट ईएसपी ३२ ला जोडलेत असं फोटोत दिसतंय. साध्या ईएसपी ३२ मध्ये एडीसी (पॉटच्या व्होल्टेजचा आकडा करणारे भाग) दोन आहेत आणि वायफाय चालू असताना दुसऱ्या एडीसीच्या पिन वाचता येत नाहीत. पहिल्याच्या पिना ३२ ते ३९, त्यातल्या ३७ आणि ३८ बहुतेक बोर्डांवर बाहेर काढलेल्याच नसतात, म्हणजे हाताशी उरल्या सहा. तुझे सात आणि आठ नंबरचे पॉट अधूनमधून गोठतात असं लिहिलंयस ते यामुळंच, त्याचा रीपरशी संबंध नाही. ४०५१ ची आयसी घे, आठ इनपुट एका पिनवर येतात, किरकोळ पैशांचं काम आहे. आणि वाचन सरासरी काढून घे, ४०९५ पैकी आठदहा आकड्यांपर्यंतचा बदल म्हणजे हालचाल नव्हे असं धर, नाहीतर कुणी हात न लावता बॉक्स बडबडत राहील आणि पिकअपचं सगळं गणित फसेल.

वायफायचं शेवटचं. ईएसपी मूळ सेटिंगला वीज वाचवायला मधेमधे डुलक्या घेतो, त्यात येणारी यूडीपी पॅकेट (पोचल्याची पोच न घेता सोडलेली, ओएससीची तीच) उशिरा पोचतात किंवा हरवतात, तो वायफाय स्लीप कोडमध्ये बंद कर. राउटरमध्ये बॉक्सला आणि लॅपटॉपला कायमचा आयपी बांधून दे, कारण रीपर तू सेटिंगमध्ये लिहिलेल्या आयपीलाच पाठवतं, बॉक्सचा पत्ता बदलला तरी ते जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतं आणि यूडीपी असल्यानं कुठं एररही दिसत नाही. उन्हाळ्यात लाईट गेली की नेमकं हेच होतं. लॅपटॉप बॅटरीवर, रीपर चालू, राउटर बंद होऊन परत चालू, बॉक्स पॉवर बँकवर असल्यानं त्यालाही वाटतं आपण शाबूत आहोत, आणि मधल्या पाच मिनिटांत माउसनं तू काय काय बदललंस ते त्याला माहीतच नाही. म्हणून वायफाय तुटून परत जोडलं गेलं या घटनेवरच ४१७४३ पाठव, सगळे पिकअपचे झेंडे पाड, आणि उत्तराची पहिली पॅकेट येईपर्यंत डिस्प्लेवर किमतींच्या जागी रेघा दाखव, जुने आकडे ठेवू नको.

हे सगळं एकदम कोडमध्ये घालू नको. आधी बॉक्स बाजूला ठेव, रीपरच्या ओएससी सेटिंगमध्ये लिसन बटण आहे त्यानं बॉक्सकडून काय येतंय ते बघ. मग डिव्हाइसचा आयपी तात्पुरता लॅपटॉपचाच टाकून एखाद्या ओएससी मॉनिटरमध्ये रीपर काय पाठवतं ते वाच, एक फेडर माउसनं हलव आणि किती मेसेज पडतात ते डोळ्यानं बघ. नंतर बंडलवालं वाचन नीट कर, मग रिफ्रेश, मग पिकअप. आणि पॅटर्न फाइल कापून झाली की मला पाठव, एस आणि एन च्या ओळी बरोबर राहिल्यात का ते नजरेखालून घालतो.